वॉको ग्लायडर, डबल टो आणि ब्रॉडवेची रात्र: आधी दोर बघ, मग जमीन

तुझा प्रश्न मला दोनदा वाचावा लागला कारण एकात तीन आहेत. थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनापण कळेल. तू हडपसरला एकदा ग्लायडरमध्ये बसलास, तिथे सर म्हणाले की चांगला थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचा खांब) मिळाला तर तासन्‌तास वर राहता येतं. मग तू दुसऱ्या महायुद्धातल्या वॉको सीजी-४ए या अमेरिकन सैनिकी ग्लायडरचं वाचलंस आणि तुला प्रश्न पडला की ही ग्लायडरं दोर सोडला की दगडासारखी खाली का यायची, थर्मल का नाही पकडायची. दुसरं, मार्च १९४४ मध्ये बर्मात एका डकोटा मालवाहू विमानामागे दोन-दोन ग्लायडरं का बांधली, आणि इतकी का पडली. आणि तिसरं, तू त्याचं १:१० चं आरसी मॉडेल बनवतोयस आणि तुला दोन मॉडेलं एका टगमागे (ओढणाऱ्या विमानामागे) ओढायची आहेत.

मी १९८६ साली ग्लायडिंग शिकलो, नंतर बरीच वर्षं शिकवलं, आणि लाकडी ग्लायडरची डागडुजी पण केली (हात अजून डोपचा, म्हणजे कापड ताणायला लावतात त्या लेपाचा, वास विसरलेले नाहीत). युद्धातल्या ग्लायडरचं वेड त्याच्याही आधीपासूनचं. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं गणित. ग्लायडरवाल्याची कमाई एकच, उंची. बँकेतला बॅलन्स म्हण. आणि तो बॅलन्स किती सावकाश खर्च होतो ते ग्लाइड रेशोवर ठरतं, म्हणजे एक फूट खाली येताना किती फूट पुढे जातोस त्यावर. मी ज्यावर शिकलो त्या रोहिणी या आपल्याकडच्या लाकडी ग्लायडरचा रेशो विशीच्या आसपास, म्हणजे हजार फुटांवरून शांत हवेत साधारण सहा किलोमीटर. आजची फायबरची चांगली ग्लायडरं पंचेचाळीस, पन्नास, साठ. आणि वॉको? बाराच्या आसपास. हजार फुटांवरून साडेतीन किलोमीटर, तेही सरळ गेलास तर, आणि पायलट नीट स्पीड धरून असेल तर.

आता खरी मेख बघ. वॉको भरलेलं असताना ऐंशी मैल ताशी वेगाने खाली येतंय समज. ऐंशी मैल म्हणजे सेकंदाला ११७ फूट, भागिले बारा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा फूट खाली. मिनिटाला सहाशे. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी जो रोजचा थर्मल मिळतो, ज्यावर घारी निवांत फिरत असतात, तो मिनिटाला तीनशे-पाचशे फूट वर नेतो. म्हणजे थर्मलच्या मधोमध उभं केलंस तरी वॉको खालीच येणार, फक्त जरा हळू. आणि मधोमध ते राहणार कसं? तीस अंश पंख कलवून रोहिणी सत्तर किलोमीटर वेगाने वळली तर तिची त्रिज्या सत्तर मीटरच्या आत. वॉको ऐंशी मैलांवर तसंच वळवलं तर त्रिज्या सव्वादोनशे मीटर. थर्मलचा सगळा खांबच बऱ्याचदा तेवढ्या रुंदीचा नसतो, तू त्याच्या बाहेरून प्रदक्षिणा घालणार. देवळात न जाता.

आणि मुळात ते रात्री गेले होते रे. रात्री थर्मल कुठून आणणार.

म्हणून वॉकोला आपल्या अर्थाने ग्लायडर समजू नकोस. ती विमानाला बांधलेली ट्रॉली होती, शेवटची काही मिनिटं स्वतःच्या पायावर चालणारी. पंख ८३ फूट ८ इंच, म्हणजे साडेपंचवीस मीटर. धड स्टीलच्या नळ्यांचं आणि त्यावर कापड, पंख लाकडाचे, प्लायवूड आणि कापड. दोन पायलट आणि तेरा सैनिक, किंवा एक जीप. जीप आत घ्यायची तर पायलटसकट सगळं नाक बिजागरीवर वर उचललं जायचं, टेम्पोचं फाळकं उघडावं तसं, फक्त पुढच्या बाजूने आणि वरच्या दिशेने. तेरा हजारांच्या वर बनवली, सगळ्यात जास्त फोर्डने, मिशिगनमधल्या किंग्सफर्डला, जिथे आधी मोटारींसाठी लाकडी भाग बनायचे. इंग्रज यालाच हेड्रियन म्हणायचे. ही चीज बनवतानाच एका उतरण्यापुरती धरलेली होती, परत आलं तर बोनस.

मग खेळाच्या ग्लायडरपासून गोष्ट इथपर्यंत आली कशी, तर जर्मनीमुळे. पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहात त्यांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली, तर पोरं डोंगरावर गेली. वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर १९२० मध्ये पहिली ऱ्होन स्पर्धा झाली, मग कोणी व्हॅरिओमीटर (चढतोय की उतरतोय ते दाखवणारं यंत्र) लावला, कोणी थर्मलमध्ये गोल फिरायला शिकलं, ग्रुनाउ बेबीसारखी ग्लायडरं हजारोंनी बनली, आणि एक अख्खी पिढी बिनइंजिनाचं उडायला शिकून तयार झाली. १० मे १९४० ला बेल्जियमच्या एबन-एमाएल किल्ल्याच्या डोक्यावर पहाटे डीएफएस-२३० ग्लायडरं उतरली. अकरा निघाली होती, नऊ किल्ल्यावर पोचली. लवकर थांबावं म्हणून घसरपट्टीला काटेरी तार गुंडाळली होती त्यांनी. हे बघून इंग्रज आणि अमेरिकन दोघांनाही वाटलं की आपल्याकडेपण पाहिजे. बाकी इतिहास तू वाचलाच असशील, मी बर्माकडे येतो कारण तुझा खरा प्रश्न तिथला आहे आणि मलापण तिथेच रमायला आवडतं.

ऑपरेशन थर्सडे. ब्रिटिश जनरल विंगेटचे चिंडिट्स, म्हणजे शत्रूच्या मागे जंगलात घुसून लढणारं सैन्य, आणि त्यांना नेणारा अमेरिकन फर्स्ट एअर कमांडो ग्रुप, कर्नल फिलिप कॉकरन आणि जॉन अॅलिसन यांचा. निघायची जागा लालाघाट, आसामात सिल्चरच्या बाजूला. जायचं कुठे तर जपान्यांच्या मागे दीडशेएक मैल आत, जंगलातल्या मोकळ्या मैदानांवर. त्यांना नावं दिली होती ब्रॉडवे आणि पिकॅडिली. ग्लायडरनी आधी माणसं आणि छोटे बुलडोझर न्यायचे, एका दिवसात धावपट्टी करायची, मग डकोटा उतरवायच्या. कागदावर इतकं सुंदर की वाचताना टाळी वाजवावीशी वाटते.

५ मार्च १९४४ ची संध्याकाळ. ग्लायडरं दोर लावून ओळीत उभी, आणि निघायच्या थोडंच आधी ताजे एअर फोटो आले. पिकॅडिलीवर सगळीकडे सागाचे ओंडके आडवे. सगळ्यांना वाटलं प्लॅन फुटला, जपान्यांनी मैदान बंद केलं. नंतर कळलं की स्थानिक लाकूडतोड्यांनी ओंडके सुकायला टाकले होते, बाकी काही नाही. पण त्या क्षणी निर्णय घ्यायचा होता, आणि घेतला की सगळं ब्रॉडवेला पाठवायचं.

इथे थांब आणि ग्लायडर पायलट म्हणून विचार कर. दोन मैदानांची गर्दी एका मैदानावर. अंधारात. आणि ग्लायडरला गो-अराउंड नसतो. इंजिनवाला पायलट म्हणतो जमत नाही, परत फिरतो. ग्लायडरवाला एकदा फायनलला आला की आलाच. पुढच्याने चाक मोडून वाट अडवली असेल तर मागचा काय करणार? एकतर वरून उडी मारायची तेवढा वेग शिल्लक असेल तर, नाहीतर बाजूची झाडं. दोन्ही झालं त्या रात्री.

आता डबल टो. का केला तर डकोटा कमी, ग्लायडरं जास्त, आणि पहिल्या रात्रीतच पुरेशी माणसं आणि यंत्रं खाली हवीत नाहीतर धावपट्टी होत नाही. हिशोब बरोबर आहे. एका डकोटामागे दोन दोर, एक आखूड एक लांब, म्हणजे दोन ग्लायडर शेजारी-शेजारी न येता एक पुढे एक मागे राहतात. तरीपण मागच्याने पुढच्याकडे सतत बघत राहायचं. साधा सिंगल टो किती घाम काढतो ते मला विचार. टग हलतो तसं हलायचं, दोर सैल पडू द्यायचा नाही. तो सैल पडला की पुढे त्याची कमान होते, मग अचानक ताणला जातो आणि झटका बसतो. नायलॉनचा दोर ताणला जातो म्हणून तो झटका थोडा पोटात घेतो, पण रबरासारखं परत पण फेकतो, म्हणजे ग्लायडर पुढे येतं, परत सैल, परत झटका. झोका वाढत जातो. शिकणाऱ्या पोरांचं हे बघून मी मागच्या सीटवरून ‘काही करू नको, नुसता थांब’ असं किती वेळा ओरडलो असेन, कारण तो झोका बहुतेक वेळा आपणच वाढवत असतो.

हे सगळं दिवसा, मोकळ्या हवेत, रिकाम्या ग्लायडरने. आता रात्र घे, चंद्र आहे पण खाली धूर आणि धुकट, क्षितिज दिसत नाही, समोर टगच्या एक्झॉस्टची निळी ज्योत तेवढीच. दोराला बांधून नेलेली टेलिफोनची वायर, ती तुटली की टगशी बोलणं बंद. आणि ग्लायडर ओव्हरलोड. सैनिकांनी शेवटच्या क्षणी जास्तीची काडतुसं, जास्तीचं खाणं भरलं, आणि त्यांना दोष कसा द्यायचा, शत्रूच्या मागे जाताना तू तरी चार गोळ्या कमी नेशील का. पण दोन जड ग्लायडर ओढत डकोटाला आठ हजार फुटांच्या डोंगररांगा ओलांडायच्या होत्या, इंजिनं तापलेली, वर हवा उसळणारी. दोर तुटायला लागले. काही डोंगराच्या अलीकडेच सुटली, काही पलीकडे जपान्यांच्या अंगणात.

साठएक ग्लायडरं गेली त्यातली ब्रॉडवेला निम्म्याच्या थोडी वर पोचली. बाकीची तुटली, भरकटली, मागची काही परत बोलावली. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही पण शब्द दुसरा नाही) की जी वाटेत इकडेतिकडे पडली त्यांनी जपान्यांना गोंधळात टाकलं, नक्की हल्ला कुठे होतोय तेच त्यांना कळेना.

डबल टोचा धोका काही नवीन नव्हता बरं का. फेब्रुवारीत लालाघाटलाच सरावात अपघात होऊन ब्रिटिश आणि अमेरिकन मिळून सात जण गेले होते. त्यानंतर त्या ब्रिटिश तुकडीकडून अमेरिकनांना चिठ्ठी गेली की तुमच्या पोरांबरोबर आम्ही कुठेही, कधीही यायला तयार आहोत. त्यावरूनच एअर कमांडोचं ब्रीदवाक्य आलं. मला ती चिठ्ठी फार मोठी वाटते, पण इंजिनियर म्हणून मला असंही वाटतं की त्या अपघाताने जे सांगितलं ते धाडसाच्या कौतुकात थोडं मागे पडलं. माझं मत आहे, तुझं वेगळं असू शकतं. त्यांच्याकडे वेळ नव्हता हेही खरं.

आता जमीन. ब्रॉडवेच्या फोटोत मैदान सपाट, हिरवं दिसत होतं. पण गवताखाली चर होते. हत्तींनी सागाचे ओंडके ओढून नेले की जमिनीत घळी पडतात, वर गवत वाढतं आणि विमानातून काहीच कळत नाही. पहिली ग्लायडरं त्या चरात गेली, चाकं उपटली, जागीच बसली. मागून अंधारात पुढची येतायत, यांना ओढून बाजूला करायला माणसं धावतायत, तेवढ्यात पुढचं अंगावर.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो कारण मी याचं लहान भावंड बघितलंय. एकदा मार्चमध्ये मला वाटलं अजून एक थर्मल मिळेल, मिळाला नाही, सेंटरला परतायची उंची उरली नाही आणि पुण्याच्या पूर्वेला एका शेतात उतरायची वेळ आली. चूक शंभर टक्के माझी, हाव धरली. वरून शेत झकास, कापणी झालेलं, पिवळं, लांबच लांब. उतरताना शेवटच्या दहा फुटांवर दिसलं की मधे एक रेघ आहे, गवताची. बांध. वीतभर असेल की हातभर ते कळत नाही त्या वेळी, आणि करण्यासारखं काही उरलेलं नसतं, स्टिक मागे ओढून त्याच्यावरून उडी मारावी म्हटलं तर वेग नाही. पुढची घसरपट्टी बांधावर आपटली, ग्लायडर उडालं, परत आपटलं, थांबलं. मला काही नाही, पट्टीचं लाकूड उभं चिरलं, तळाच्या प्लायला भेग. शेतमालक आले, आधी मला पाणी दिलं आणि मग शांतपणे म्हणाले, ‘बांध दिसला न्हाई व्हय?’ मी तेव्हापासून शेत बघताना रंग बघत नाही, शेताच्या कडेला सावली कशी पडलीय ते बघतो. उन्हं तिरकी असली तर बांधाची सावली पडते. ब्रॉडवेवाल्यांकडे चंद्र होता फक्त.

तर पडली का याचं माझं उत्तर हे. पायलट वाईट नव्हते, ग्लायडर वाईट नव्हतं. दोर आणि जमीन. आणि दोन्हीवर वजन जास्त.

याच्या उलट उदाहरण हवं तर नॉर्मंडीचा पेगासस पूल घे. ६ जून १९४४, मध्यरात्रीनंतर सोळा मिनिटं. पायलट जिम वॉलवर्कने हॉर्सा हे ब्रिटिश ग्लायडर पुलापासून पन्नास मीटरच्या आत आणून टाकलं, नाक अगदी तारेच्या कुंपणात, आणि स्वतः समोरच्या काचेतून बाहेर. अंधार तोच, शत्रू इथेही समोर. फरक काय? एका टगमागे एक ग्लायडर. उंचीवर सोडलं, मग स्टॉपवॉच आणि होकायंत्र धरून ठरलेल्या सेकंदाला ठरलेलं वळण. आणि त्याचा सराव कित्येक वेळा, आधी दिवसा, मग काळे चष्मे लावून दिवसा, मग रात्री. सहा ग्लायडरं होती फक्त, तरी त्यातलं एक भलत्याच पुलाला गेलं. माणसाने सगळं नीट केलं तरी रात्रीचं ग्लायडर आपलं थोडं घेतंच.

ब्रॉडवेचं पुढे काय झालं ते सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल सगळं वाया गेलं. तिथे उतरलेल्या चिंडिट्सच्या ब्रिगेडियर कॅल्व्हर्टने पहाटे वायरलेसवर ‘सोया लिंक’ असा शब्द पाठवला, म्हणजे बोंबललं, कुणाला पाठवू नका. सोया लिंक म्हणजे रेशनमधलं ते नकली सॉसेज, सैनिकांना त्याचा तिटकारा, म्हणून अपयशाला ते नाव. सकाळ झाल्यावर दिसलं की जपानी आलेलेच नाहीत, माणसं बरीच धडधाकट आहेत, आणि बुलडोझर चालतोय. मग गेला ‘पोर्क सॉसेज’, म्हणजे या. दिवसभर चर बुजवले, ग्लायडरची मोडतोड ओढून बाजूला केली, आणि त्याच रात्री तिथे साठच्या वर डकोटा उतरल्या. पुढच्या आठवड्याभरात सगळ्या पट्ट्या मिळून नऊ हजारांवर माणसं आणि तेराशेच्या आसपास जनावरं, बहुतेक खेचरं, विमानाने आत गेली. खेचराला डकोटात चढवून शांत ठेवायचं काम ज्याने केलं त्याला मेडल द्यायला हवं होतं.

बुलडोझरवरून एक किस्सा, तुझ्या मॉडेलच्या कामाचा आहे म्हणून सांगतो. एक ग्लायडर बुलडोझर घेऊन येत होतं, ते मैदान सोडून थेट दोन झाडांच्या मधे घुसलं. दोन्ही पंख झाडांनी ठेवून घेतले, धड मधून पार. आतला बुलडोझर बंधन तोडून पुढे निघाला. आता वॉकोत अशी व्यवस्था होती की आतल्या गाडीला बांधलेली केबल पुलीवरून नाकाला जोडलेली, गाडी पुढे सरकली की नाक आपोआप वर उचलायचं, म्हणजे नाक आपटून अडकलं तरी जीप बाहेर काढता येईल. बुलडोझर सुटला, केबल ताणली गेली, नाक पायलटसकट वर गेलं, बुलडोझर खालून निघून गेला, आणि नाक परत खाली आलं. पायलट जिवंत. लोक याला चमत्कार म्हणतात. मी म्हणेन कुणा ड्रॉइंग बोर्डवरच्या माणसाने एका केबलचा नीट विचार केला होता.

आणि हो, त्या रात्रीच्या ग्लायडर पायलटांमध्ये जॅकी कूगन होता, लहानपणी चॅप्लिनबरोबर सिनेमात काम केलेला तोच पोरगा. मोठा होऊन ब्रॉडवेला उतरला. त्या महिन्यात तिकडे मणिपूरच्या संगशाकला ५० पॅराशूट ब्रिगेडबरोबर आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांना थोपवून धरत होती, ती गोष्ट वेगळी आणि तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

परत कशी आणायचे असंही तू शेवटी विचारलंयस. बहुतेक आणतच नव्हते, तिथेच सोडायचे. पण एक युक्ती होती, स्नॅच. जमिनीवर दोन खांब, त्यावर दोराचा फास टांगलेला, फास ग्लायडरला जोडलेला. डकोटा खाली हुक सोडून अगदी जमिनीलगत येते, फास पकडते आणि वर जाते. ग्लायडर जागेवरून थेट उडतं. डकोटात स्टीलच्या केबलचं ब्रेक लावलेलं रीळ असतं, ते सुरुवातीला केबल सोडत जातं म्हणून झटका सोसतो, नाहीतर नाकच उपटून हातात आलं असतं. मासेमारीच्या गळाला मोठा मासा लागल्यावर रीळ कसं कुरकुरत सोडतात, तसंच.

तू हडपसरला विंचने (जमिनीवरून केबल गुंडाळून ग्लायडर खेचणाऱ्या यंत्राने) वर गेलास ना, त्यातही तेच मर्म आहे. विंच तुला काही सेकंदांत उभं चढवतं, नाक चाळीस अंशांवर, समोर फक्त आकाश, आणि तीस-चाळीस सेकंदांत हजारएक फूट. त्या केबलमध्ये एक मुद्दाम कमजोर ठेवलेला तुकडा असतो, वीक लिंक. ताण जास्त झाला तर तो तुटावा, ग्लायडर नाही. आणि तुटला की पोटात गोळा येतो, आवाज एकदम बंद, नाक वर, वेग दोन सेकंदांत गायब होणार. तेव्हा एकच करायचं, स्टिक पुढे, लगेच, विचार न करता. वेग आला की मग विचार, सरळ उतरू की मैदानाला छोटी फेरी मारून उतरू. आम्ही पोरांना सोलो, म्हणजे एकट्याने उडायला, सोडायच्या आधी न सांगता केबल सोडून द्यायचो. शिव्या खाल्ल्या त्याबद्दल.

रोहिणीबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून आपल्याकडे सिव्हिल एव्हिएशन खात्याच्या टेक्निकल सेंटरने स्वतःची ग्लायडरं डिझाइन केली, एस. रामामृतम यांनी, आणि नावं दिली पंचांगात ओळीने येणाऱ्या नक्षत्रांची. अश्विनी, भरणी, मग कृत्तिकेच्या जागी कार्तिक, मग रोहिणी, मृगशीर, आणि पुढे एचएएलची आर्द्रा. पंचांग उघडून फ्लीट मोजावी. रोहिणी १९६१ ला पहिल्यांदा उडाली, लाकडी, गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसणारे. मागच्या सीटवरून ओरडण्यापेक्षा शेजारून कोपर मारणं जास्त उपयोगी पडतं, अनुभवाने सांगतो. काचेवर एक लाल लोकरीचा धागा चिकटवलेला असायचा, एवढासा, आणि तो सरळ मागे उडत असेल तर तू नीट उडतोयस, तिरका झाला तर पाय हलव. लाख रुपयांची इन्स्ट्रुमेंट एका बाजूला आणि तो धागा एका बाजूला. आज कोट्यवधींच्या ग्लायडरवर पण तोच धागा असतो.

जुनं लाकडी ग्लायडर कधी जवळून बघायला मिळालं तर कापडाला हात लावायच्या आधी विचार, आणि परवानगी मिळाली तर बोटाच्या पेराने प्लायवर टकटक कर. चांगला सांधा टणक वाजतो, सुटलेला सांधा पिकलेल्या भोपळ्यासारखा बद्द. जुना सरसासारखा केसीनचा गोंद ओलाव्याने सुटतो, बाहेरून रंग चकाचक आणि आत बुरशी. आपल्या पावसाळ्यात लाकडी विमान वाचवणं म्हणजे गळक्या घरात धान्य राखण्यासारखं. एका ठिकाणी (नाव घेत नाही) मी चार महिने ताडपत्रीखाली ठेवलेलं ग्लायडर बघितलंय, वर ताडपत्री कोरडी आणि आत पंखाच्या मुळाशी बोट घातलं तर बोट आत गेलं. ते परत उडलं नाही.

वॉको प्रत्यक्ष बघायचं असेल तर तुझा चुलत भाऊ टेक्सासला आहे म्हणालास, लबक गावात सायलेंट विंग्ज म्युझियम आहे, ग्लायडर पायलटांचंच. फ्रान्सला कुणी गेलं तर सेंट-मेर-एग्लीजच्या एअरबोर्न म्युझियममध्ये एक वॉको आहे, आणि रानव्हीलला पेगासस म्युझियममध्ये हॉर्साची पूर्ण आकाराची प्रतिकृती. टग बघायचा असेल तर आपल्याकडेच आहे, वायुसेनेच्या व्हिंटेज फ्लाइटची डकोटा परशुराम, २०१८ मध्ये दुरुस्त होऊन इंग्लंडहून उडत आली.

आता मॉडेल. १:१० म्हणजे पंख अडीच मीटर, ठीक आहे. पण पहिले दहा टो सिंगलच कर, मला वचन दे. डबल टोला दोर सारखे ठेवू नकोस, लांब आखूडच्या सव्वापट धर म्हणजे मागचं मॉडेल पुढच्याच्या शेपटीत जाणार नाही. मागचं मॉडेल हलकं ठेव. नायलॉन वापरलास तर शेवटी ग्लायडरच्या बाजूला बारीक दोऱ्याचा तुकडा बांध, वीक लिंक, किती ताणाला तुटतो ते आधी घरी वजन लटकवून बघ. स्केल दिसावं म्हणून आत जीप ठेवणार असशील तर ती नीट बांध आणि सीजी (गुरुत्वमध्य) जीपसकट तपास, नाहीतर तुझ्याकडे नाक उचलणारी केबल नाहीये. टो वर असताना ग्लायडरला टगपेक्षा फार वर जाऊ देऊ नकोस, टगची शेपटी उचलली जाते आणि त्याचं नाक खाली, मग टगपण गेला आणि मॉडेलपण. मैदान आधी चालून बघ, पायी, गवतात पाय घासत.

आणि रिलीज, म्हणजे दोर सोडायचा खटका, फक्त ग्लायडरवर लावू नकोस. टगवर पण लाव, दोन्ही दोरांना वेगवेगळा, आणि टग उडवणाऱ्याचं बोट त्या स्विचवर असू दे.